ठिपकेवाल्या मक्याची बार्बरा

१९५१ चा जून महिना. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नावाचं लांबट बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बर हे छोटं गाव. गावात खाडीच्या काठाला एक प्रयोगशाळा. महायुद्धाची काही वर्षं सोडली तर १९३३ पासून इथे दर उन्हाळ्यात जीवशास्त्राची एक परिषद भरत आली होती. त्या वर्षीचा विषय होता जनुकं आणि त्यांच्यात होणारे बदल, म्हणजे आपल्या भाषेत जीन्स आणि म्युटेशन्स. या क्षेत्रातली बहुतेक मोठी नावं तिथे जमली होती.

त्यात पन्नाशीला टेकलेली, बुटकी, सडपातळ, आखूड केसांची एक बाई बोलायला उभी राहिली. बार्बरा मॅक्लिंटॉक. तिला परिषदेसाठी प्रवास करावा लागला नव्हता. ती इथेच नोकरीला होती आणि तिचं मक्याचं शेतही इथेच होतं. सहा-सात वर्षं कणसं मोजून, दाणे तपासून, मायक्रोस्कोपला डोळा लावून जे हाती लागलं होतं, ते सगळं तिने त्या दिवशी मांडलं. गुणसूत्रावर जनुकं मण्यांसारखी एका ओळीत, आपापल्या जागी पक्की बसलेली असतात, असं तोवर सगळे धरून चालले होते. बार्बरा सांगत होती की त्यातले काही तुकडे जागा सोडतात. उठतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. आणि जिथे जाऊन बसतात, तिथल्या जनुकाचं काम बंद पाडतात.

भाषण संपलं. पुढे आयुष्यभर बार्बराला त्या दिवसाबद्दल आठवत राहिली ती समोरची थंड शांतता. प्रश्न जवळजवळ नाहीतच. काहींना समजलं नव्हतं, काहींना पटलं नव्हतं. ज्या लोकांच्या मताला ती किंमत द्यायची, नेमके तेच समोर बसले होते.

कॉलेजच्या सेमिनारमध्ये प्रेझेंटेशन संपल्यावर ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारलं की पसरते ती शांतता आपल्या ओळखीची असते. आपण तेव्हा मनातून खूश होतो, सुटलो म्हणून. बार्बराचं तसं नव्हतं. तिला प्रश्न हवे होते.

ती इथवर पोचली कशी, हे आधी बघू.

जन्म १६ जून १९०२, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. मुलीचं नाव आधी एलिनॉर ठेवलं होतं. पण ते या पोरीच्या मानाने फारच नाजूक वाटतं म्हणून आईवडिलांनी ते बदलून बार्बरा केलं. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आलं. बार्बरा गल्लीतल्या मुलांबरोबर बेसबॉल खेळायची. एकदा शेजारच्या बाईंनी तिला बाईमाणसाला शोभेलसं काहीतरी शिकवायची तयारी दाखवली, तर तिच्या आईने फोन करून त्यांना आमच्या घरात लक्ष घालू नका म्हणून सुनावलं.

गंमत बघा, हीच आई बार्बरा कॉलेजला जाते म्हटल्यावर आडवी आली. जास्त शिकलेल्या मुलीचं लग्न जमणार कसं, ही भीती. (हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत आजही ऐकू येतं!) वडील तेव्हा महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. घरात पैशाचीही ओढाताण. बार्बराने एका नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीत काम धरलं आणि उरलेल्या वेळात लायब्ररी गाठून स्वतःच अभ्यास चालू ठेवला. वडील परत आले, त्यांनी लेकीची बाजू घेतली आणि १९१९ मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाली. तिथे ट्यूशन फी नव्हती, हेही तितकंच महत्त्वाचं.

कॉर्नेलमध्ये तिने धमाल केली. एका जॅझ बँडमध्ये ती बँजो वाजवायची. १९२१ मध्ये तिने जेनेटिक्सचा कोर्स घेतला. तिचा त्यातला रस बघून शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीच तिला फोन केला आणि पुढच्या, एम.एस्सी.च्या पातळीच्या कोर्सला येऊन बस म्हणून सांगितलं. मेंडेलच्या कामाचा नव्याने शोध लागून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. हा विषय पुढे आयुष्य व्यापेल याचा अंदाज त्या फोनवर तरी कुणाला आला असेल का? १९२७ मध्ये वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. झाली तेव्हा ती २५ वर्षांची होती.

कॉर्नेलमध्ये रॉलिन्स इमर्सन नावाचे प्राध्यापक मक्यावर काम करायचे. त्यांच्याभोवती तरुण पोरांचा एक कंपू होता. १९२९ मधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे: शेताच्या कडेला उभे चार पुरुष-संशोधक आणि बार्बरा, आणि खाली... नाही, चार म्हणताना चुकायला नको, त्यातला एक खाली कुत्र्याजवळ बसलाय. तो जॉर्ज बीडल. त्याला पुढे १९५८ मध्ये नोबेल मिळालं. या कंपूत बार्बराचा हुकमी एक्का होता मायक्रोस्कोप. मक्याची दहाच्या दहा गुणसूत्रं वेगवेगळी ओळखायची कशी, हे तिने १९२९ मध्ये दाखवून दिलं. आधी ती सगळी सारखीच दिसायची. तिने प्रत्येकाची लांबी, आकार, त्यावरच्या गाठी टिपल्या आणि त्यांना एक ते दहा नंबर दिले.

मग १९३१. हॅरिएट क्रायटन ही तिच्याहून लहान विद्यार्थिनी, तिला बरोबर घेऊन बार्बराने नवव्या गुणसूत्रावर एक प्रयोग केला. तुमच्यापैकी ज्यांनी बीएस्सीला बॉटनी किंवा झूलॉजी घेतलंय, त्यांना क्रॉसिंग ओव्हर पाठ असेल. दोन गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करतात, हे तोवर आकडेवारीवरून मानलेलं होतं. या दोघींनी ते डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. थॉमस मॉर्गन हे त्या काळातले जेनेटिक्सचे सर्वांत वजनदार गृहस्थ. ते कॉर्नेलला आले असताना त्यांनी हे काम पाहिलं आणि आणखी एका पिकाची वाट न बघता लगेच छापा म्हणून आग्रह धरला. बरं झालं छापलं. जर्मनीत कर्ट स्टर्न हेच फळमाशीवर सिद्ध करत होते. त्यांचा निबंध थोड्याच काळात आला.

इतकं नाव झालं, तरी पक्की नोकरी मिळेना. शिष्यवृत्तीवर १९३३ मध्ये जर्मनीला गेली, तिथे हिटलर सत्तेवर आलेला, ती मुदतीआधीच परतली. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली, पण तिथे आपल्याला पुढे वाव नाही असं वाटून १९४१ मध्ये तीही सोडली. मग कोल्ड स्प्रिंग हार्बर. कार्नेगी संस्थेची नोकरी, शिकवायची सक्ती नाही, मक्याला जमीन आहे. उरलेलं सगळं आयुष्य ती तिथेच राहिली.

इथे मक्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही.

मक्याच्या ताटाच्या शेंड्याला तुरा येतो, तो नर. कणसाचे जे रेशमी केस आपण सोलताना उपटून टाकतो, तो मादीचा भाग. प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो. कुठल्या ताटाचा पराग कुठल्या कणसावर पडतो हे संशोधकाला स्वतः ठरवायचं असेल, तर कणसावर आणि तुऱ्यावर कागदी पिशव्या बांधाव्या लागतात, योग्य दिवशी पिशवीतला पराग हाताने केसांवर टाकावा लागतो आणि पुन्हा पिशवी बांधून चिठ्ठी लावावी लागते. ताटामागून ताट, भर उन्हात. आणि एवढं करून त्या हवेत वर्षाला साधारण एकच पीक. फळमाशीची पिढी दहा-बारा दिवसांत उरकते, बॅक्टेरिया वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. बार्बराच्या एका ‘हो की नाही’ला एक वर्ष लागायचं.

पण मक्यात एक सोय आहे. प्रत्येक दाणा हे वेगळं अपत्य. एका कणसावर शेकडो भावंडं ओळीत बसलेली, आणि त्यांच्या रंगावरून आत काय घडलं ते वाचता येतं. आपल्याकडे पावसात गाडीवर भाजून मिळतो तो पिवळा किंवा पांढरा. बार्बराचा मका जांभळा, तांबूस, बिनरंगी आणि ठिपकेदार होता.

१९४४ च्या सुमारास तिला दिसलं की तिच्या काही रोपांत नववं गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटतंय. त्या जागेवर असलेल्या गोष्टीला तिने डीएस हे नाव दिलं. पण डीएस आपणहून काही करत नव्हतं. दुसरा एक घटक हजर असला तरच तुटायचं. त्या दुसऱ्याचं नाव एसी. जणू एक स्विच आणि एक तो दाबणारा हात. हे झालं असतं तरी पुष्कळ होतं. पण मग एका पिकात डीएस त्याच्या नेहमीच्या जागी सापडेना. ते गुणसूत्रावर दुसरीकडेच होतं.

आता ठिपके. समजा दाण्याला जांभळा रंग देणारं एक जनुक आहे. डीएस जाऊन त्याच्या मध्येच बसलं की जनुक बिघडतं, दाणा बिनरंगी होतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून डीएस निघून गेलं की तिथलं जनुक पुन्हा चालू. त्या पेशीपासून जितक्या पेशी तयार होतील तितक्या सगळ्या जांभळ्या. लवकर निघून गेलं तर मोठा डाग, उशिरा गेलं तर बारीक ठिपका. म्हणजे ठिपक्याच्या आकारावरून काय घडलं आणि कधी घडलं, दोन्ही कळतं. दाण्यात एसी जितकं जास्त, तितके ठिपके बारीक, असंही तिला आढळलं. पानांवरही तिने असंच पाहिलं होतं. शेजारीशेजारी दोन पट्टे, एकात काहीतरी वाढलेलं, दुसऱ्यात तेच कमी झालेलं. एका पेशीच्या दोन लेकींपैकी एकीने गमावलं ते दुसरीला मिळालं, असा तिने अर्थ लावला.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय भावलं सांगू? डीएनएची रचना तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. जनुक नेमकं कशाचं बनलंय याबद्दल वाद चालू होते. हातात फक्त कणसं, मायक्रोस्कोप आणि वह्या.

१९५० मध्ये तिने हे थोडक्यात छापलं आणि १९५१ च्या परिषदेत सविस्तर मांडलं. तो छापील निबंध ३५ पानांचा आहे. ज्याने आयुष्यभर मकाच पाहिला त्यालाही दमवेल असा. आणि समोर बसलेल्यांत मकावाले थोडे. ते दशक बॅक्टेरिया आणि विषाणूंचं होतं. मक्याची ती संथ शेती जुनी होत चालली होती.

बरोबर दोन वर्षांनी, १९५३ च्या जूनमध्ये, याच गावी, याच वार्षिक परिषदेत २५ वर्षांच्या जेम्स वॉटसनने डीएनएचं दुहेरी पिळाचं मॉडेल मांडलं. ते समजायला कुणाला मक्याची पानं मोजावी लागली नाहीत. एक नजर टाकली की कळायचं. दोन्ही शोध खरे. एकाचं चित्र एका पानावर मावायचं, दुसऱ्याला आधी दहा वर्षांचं शेत समजून घ्यायला लागायचं.

यापुढची गोष्ट साधारण अशी सांगतात: बाई होती म्हणून कुणी ऐकलं नाही, सगळे हसले, ती एकटी पडली, शेवटी जग चुकलं आणि ती जिंकली. एव्हलिन फॉक्स केलर यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं तिचं चरित्र गाजलं आणि त्यातून ही प्रतिमा पक्की झाली. रील करायला एकदम फिट. पण पूर्ण खरी नाही. बार्बरा काही दुर्लक्षित कोपऱ्यातली बाई नव्हती. १९४४ मध्येच ती अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीवर निवडून गेली होती, तो मान मिळालेली तिसरी बाई. १९४५ मध्ये ती अमेरिकेच्या जेनेटिक्स सोसायटीची पहिली महिला अध्यक्ष झाली. नॅथॅनिएल कम्फर्ट या इतिहासकाराने तिची कागदपत्रं चाळून २००१ मध्ये दुसरं चरित्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की घटक जागा बदलतात हे मकावाल्यांनी बऱ्यापैकी लवकर मान्य केलं होतं. दुसऱ्या संशोधकांना १९५२ च्या सुमारास मक्यात तसेच घटक सापडलेही होते. अडलं ते तिच्या पुढच्या दाव्यावर. हे घटक नुसते उड्या मारत नाहीत, तर जीव वाढताना कुठलं जनुक कधी चालू आणि कधी बंद हे तेच ठरवतात, असं तिला वाटत होतं. ते तिच्यासाठी शोधाचं खरं गाभ्याचं काम होतं. आणि तो दावा तिने मांडला तसा आजही खरा ठरलेला नाही.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी जगाने पुढे तिला डोक्यावर घेतलं, ती तिला स्वतःला अर्धीच वाटायची. हे मला नोबेलपेक्षा जास्त चटका लावणारं वाटतं.

अर्थात बाई असण्याचा काहीच संबंध नव्हता असंही म्हणता येणार नाही. इमर्सनच्या कंपूतल्या पुरुषांना विद्यापीठांत खुर्च्या मिळत गेल्या आणि तिची चाळिशी आली तरी कायमचा पत्ता नव्हता, हे तर सरळ दिसतंच.

१९५६ मध्ये त्याच परिषदेत तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याआधीच, १९५३ नंतर, तिने मोठ्या नियतकालिकांत या विषयावर सविस्तर छापणं जवळपास सोडून दिलं होतं. काम थांबवलं नाही. दरवर्षी पेरणी, पिशव्या, मोजणी, आणि निष्कर्ष कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालात, जो फारसं कुणी उघडत नसे. हा निर्णय अनेकांना बाणेदार वाटतो. मला अर्धाच पटतो. समोरच्याला समजत नसेल तर वेगळ्या तऱ्हेने सांगून बघणं हाही कामाचाच भाग आहे. आणि नव्या पिढीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती तो निबंध पडला असता तर? पण हेही खरं, की आपण इथे एसीत बसून बोलतोय. वर्षानुवर्षं रिकाम्या चेहऱ्यांसमोर बोलणं तिच्या वाट्याला आलं होतं.

मधल्या काळात तिने दुसरंही मोठं काम केलं. १९५७ पासून मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मक्याच्या स्थानिक जाती तपासल्या. गुणसूत्रांवरच्या गाठींवरून कुठला मका माणसांबरोबर कुठून कुठे गेला असेल, याचा माग काढला. तिथल्या तरुण संशोधकांना शिकवलंही. त्याचं पुस्तक १९८१ मध्ये आलं.

आणि मग बॅक्टेरियावाल्यांनाच ते सापडलं. साठच्या दशकाच्या शेवटी बॅक्टेरियात डीएनएचे असे तुकडे दिसले, जे कुठेही जाऊन घुसतात आणि तिथलं जनुक बंद पाडतात. सत्तरच्या दशकात कळलं की अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात पसरते, त्यातही या उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा हात आहे. आता प्रश्न दवाखान्यातल्या औषधाचा झाला. फळमाशीत सापडले, यीस्टमध्ये सापडले. लोक तीस वर्षांपूर्वीचा तो ३५ पानी निबंध शोधायला लागले.

१९८० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या त्या वार्षिक परिषदेचा विषय काय होता माहितीय? जागा बदलणारे जनुकीय घटक. अख्खी परिषद त्याच्यावर. बार्बराने सत्तरी कधीच ओलांडली होती आणि ती अजूनही त्याच गावात, त्याच आवारात काम करत होती.

१० ऑक्टोबर १९८३ ला नोबेल जाहीर झालं. तिच्याकडे टेलिफोन नव्हता. बातमी तिला रेडिओवर कळली. वय ८१. वैद्यकशास्त्राचं नोबेल वाटून न घेता एकटीने मिळवणारी ती पहिली बाई. पत्रकारांनी गराडा घातला, तो तिला अजिबात आवडला नाही. कधी एकदा हे संपतं आणि कामाला लागते असं तिला झालं होतं.

आज मोजदाद झालीय. मक्याच्या एकूण डीएनएपैकी साधारण ८५ टक्के भाग अशा जागा बदलणाऱ्या घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. माणसात जवळपास निम्मा. बहुतेक आता हलत नाहीत, पण आहेत. मक्यावर काम करणाऱ्या संशोधकांची एक वार्षिक परिषद १९५९ पासून भरते आहे, आणि वनस्पती-जनुकशास्त्रासाठी बार्बराच्या नावाचा पुरस्कार २०१४ पासून दिला जातो.

आणखी एक गोष्ट, जी शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. मेंडेलचे वाटाणे आठवतात? गोल आणि सुरकुतलेले. दहावीपासून आपण त्यांचे तक्ते काढतोय. तो वाटाणा मुळात सुरकुततो का, हे १९९० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी शोधून काढलं. स्टार्च बनवणाऱ्या एका जनुकाच्या मध्ये डीएनएचा एक आगंतुक तुकडा येऊन बसलाय, म्हणून. तो तुकडा बार्बराच्या एसी आणि डीएसच्याच घराण्यातला निघाला. १८६५ मध्ये मेंडेलने ब्रनो गावच्या सभेत आपला निबंध वाचला, तेव्हा त्याच्या तक्त्यातल्या सुरकुतलेल्या दाण्यांत तो बसलेला होता.

हे छापून आलं तेव्हा बार्बरा ८७ वर्षांची होती. २ सप्टेंबर १९९२ रोजी, कोल्ड स्प्रिंग हार्बरशेजारच्या हंटिंग्टनमध्ये ती गेली.